पैसे गेले म्हणजे कर भरला असं नाही

आमचं कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, त्यावर टर्निंग, बोअरिंग, ड्रिलिंग करून तयार माल आम्ही पंप आणि गिअरबॉक्स बनवणाऱ्यांना देतो. गिऱ्हाइकं शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आहेत, पुण्यात आहेत, बेळगावातही आहेत. शॉप मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, उभं केलं. मशीनवरचं आता हे बघतात आणि ऑफिस माझ्याकडं आहे. बिलं, ई-वे बिलं, पगार, बँक आणि जीएसटी, सगळं त्या एका टेबलावर.

१ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हापासून आमचं काम करसल्लागार काका बघायचे. आम्ही बिलांची फाईल द्यायची, त्यांनी आकडा सांगायचा, आम्ही पैसे भरायचे. पुढं वयामुळं त्यांनी काम कमी करायला घेतलं तेव्हा मला बोलावून सांगितलं, “सूनबाई, रिटर्नमध्ये काही अडलं तर मी आहेच. पण पैसे भरायचं काम तुमचं तुम्ही शिकून घ्या. कर दुसऱ्याच्या हातनं भरू नये.”

त्यांचं हे म्हणणं मला मनापासून पटलंय, म्हणून हे लिहायला बसले. उद्यमनगरात, लक्ष्मीपुरीत, शाहूपुरीत अशी कितीतरी माणसं आहेत, ज्यांना दर महिन्याला खात्यातून पैसे जातात एवढंच माहीत असतं. ते कुठं जाऊन बसतात, कुठल्या खान्यात बसतात आणि कर भरला असं नेमकं कधी म्हणायचं, हे त्यांना कुणी समजावून सांगितलेलंच नसतं. पैसे त्यांचे, सही त्यांची, नोटीस आली तर तीही त्यांच्याच नावावर.

काकांनी पहिल्याच दिवशी डिलिव्हरी चलनाच्या कोऱ्या पाठीवर तीन चौकोन काढले. पहिला लायबिलिटी रजिस्टरचा, म्हणजे आपण सरकारचं किती देणं लागतो. दुसरा क्रेडिट लेजरचा, म्हणजे खरेदीच्या बिलांवर आपण आधीच दिलेला कर, जो विक्रीवरच्या करातून वजा करता येतो. तिसरा कॅश लेजरचा, म्हणजे चलनानं, कर भरायच्या स्लिपनं, आपण प्रत्यक्ष जमा केलेली रक्कम. चलन भरलं की पैसे तिसऱ्या चौकोनात येतात आणि तिथंच थांबतात. जीएसटीआर-३बी हे रिटर्न, म्हणजे सरकारला द्यायचा कराचा हिशेब, दाखल करताना पहिल्या चौकोनातलं देणं दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकोनातून वळतं होतं, तेव्हा कर भरला जातो. “पैसे गेले म्हणजे कर भरला असं नाही,” असं म्हणून त्यांनी तिसऱ्या चौकोनाकडून पहिल्याकडं बाण काढला आणि त्यावरून पेन परत परत फिरवला. तो कागद मी फाईलला लावून ठेवलाय.

चलन वेळेत भरून रिटर्न तसंच ठेवणारे लोक मी पाहिलेत. “पैसे तर भरलेत की,” असं ते अगदी निर्धास्त सांगतात. पण रिटर्न दाखल होईपर्यंत दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क चालू राहतं, २५ केंद्राचे आणि २५ राज्याचे. काहीच देणं नसलेलं शून्य रिटर्न असेल तर २० रुपये. उलाढालीप्रमाणे त्याला वरची मर्यादा आहे, तरी छोट्या माणसाला ती रक्कम टोचतेच. व्याजाचं मात्र एक चांगलं झालंय. जुलै २०२४ मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि देय तारखेला कॅश लेजरमध्ये पडून असलेली जी रक्कम नंतर रिटर्नमध्ये वळती होते, तिच्यावर व्याज धरू नये असं स्पष्ट झालं. कुणाला रिटर्नला उशीर होणारच असेल, तर निदान पैसे तारखेच्या आत लेजरमध्ये टाकून ठेवा, असं मी आवर्जून सांगते. नाहीतर वर्षाला १८ टक्के दरानं व्याज आहे. ४८,००० रुपये दहा दिवस उशिरा भरले तर साधारण २३७ रुपये. एका वेळेला किरकोळ वाटतं, पण दर महिन्याला होऊ लागलं की त्यात आमच्या एखाद्या मशीनचं ऑइल येतं.

आता खान्यांचं. चलन एकच असलं तरी त्यात सीजीएसटी (केंद्राचा), एसजीएसटी (राज्याचा), आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीवरचा) आणि सेस (काही मालावरचा जादा कर) असे वेगवेगळे रकाने असतात आणि प्रत्येकाच्या पोटात कर, व्याज, दंड, शुल्क, इतर अशी विभागणी. पुण्याच्या गिऱ्हाइकाला १,००,००० रुपयांचा माल १८ टक्क्यांनी दिला, तर ९,००० सीजीएसटी आणि ९,००० एसजीएसटी. तेवढाच माल बेळगावला गेला तर १८,००० सगळे आयजीएसटी. आम्हा कोल्हापूरकरांना हे विशेष जपावं लागतं, कारण सीमा अगदी दाराशी आहे. कागल सोडून कोगनोळी आली की राज्य बदललं आणि खानाही बदलला. निपाणी आम्हाला पुण्यापेक्षा कितीतरी जवळची, रोजची ये-जा असलेली, तरी निपाणीचं बिल आयजीएसटीचं.

क्रेडिट वापरायलाही क्रम आहे. आयजीएसटीचं क्रेडिट आधी आयजीएसटीच्या देण्याला लावायचं, उरलं तर सीजीएसटी किंवा एसजीएसटीला हवं तसं. ते संपल्यावर बाकीच्या क्रेडिटला हात लावायचा. आणि सीजीएसटीचं क्रेडिट एसजीएसटीला चालत नाही, उलटंही चालत नाही. रिटर्नमध्ये पोर्टल, म्हणजे जीएसटीची सरकारी वेबसाइट, स्वतःहून एक वाटणी सुचवतं, पण ती बदलता येते, आणि मी ती प्रत्येक वेळी कागदावर ताडून बघते. नीट वाटणी केली तर कधीकधी रोखीची रक्कम बरीच कमी होते.

एक गोष्ट मात्र क्रेडिटमधून भागतच नाही. मालवाहतुकीच्या भाड्यावर ट्रान्सपोर्टवाल्यानं स्वतः कर लावला नसेल, तर तो रिव्हर्स चार्जखाली आपल्यालाच भरावा लागतो, ५ टक्के, आणि तोही रोखीनंच, म्हणजे कॅश लेजरमधूनच. क्रेडिट लेजरमध्ये लाखभर पडलेले असोत, या रकमेसाठी चलन काढावंच लागतं. भरल्यावर त्याचंही क्रेडिट मिळतं हा भाग वेगळा. बेळगावच्या फेऱ्यांमुळं आमच्याकडं हे कायमचंच आहे, म्हणून ट्रान्सपोर्टच्या पावत्यांची मी वेगळी फाईल केलीय.

खाना चुकला तर काय, हा प्रश्न मला बऱ्याचदा विचारतात. शाहूपुरीतल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या चलनात सगळी रक्कम सीजीएसटीत जाऊन बसली होती आणि एसजीएसटीचा रकाना कोरा. सुरुवातीच्या वर्षांत असं झालं की दुसऱ्या खान्यात पुन्हा पैसे भरा आणि पहिले परत मागायला अर्ज करा, असा प्रकार होता. २०२० पासून पीएमटी-०९ हा फॉर्म आलाय. पोर्टलवरच कॅश लेजरमधली रक्कम एका खान्यातून दुसऱ्यात नेता येते. अट इतकीच की ती रक्कम लेजरमध्ये शिल्लक असली पाहिजे, रिटर्नमध्ये वळती झालेली नको. त्यांचं काम आमच्या ऑफिसात बसूनच झालं.

आमची उलाढाल ५ कोटींच्या आतली असल्यामुळं आम्ही तिमाही रिटर्नची योजना घेतलीय, जिला सगळे क्यूआरएमपी म्हणतात. १ जानेवारी २०२१ पासून ती सुरू झाली. रिटर्न तीन महिन्यांतून एकदा, पण पैसे दर महिन्याला. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचे पैसे पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत पीएमटी-०६ या चलनानं भरायचे आणि तिसऱ्या महिन्याचा हिशेब ३बी बरोबर, महाराष्ट्रात तिमाहीनंतरच्या २२ तारखेपर्यंत. जे दर महिन्याला रिटर्न भरतात त्यांची तारीख २०.

पहिल्या दोन महिन्यांसाठी दोन वाटा आहेत. एक म्हणजे त्या महिन्याचा खरा हिशेब करून भरायचं. दुसरी म्हणजे ठरावीक रक्कम: मागच्या तिमाहीत रोखीनं जेवढा कर भरला त्याच्या ३५ टक्के. मागच्या तिमाहीत १,२०,००० रोखीनं भरले असतील तर आता महिन्याला ४२,०००. त्याआधी तुम्ही मासिक रिटर्न भरत असाल, तर मागच्या तिमाहीच्या शेवटच्या महिन्यात भरलेल्या रोखीएवढी पूर्ण रक्कम धरतात. चलन काढताना कारणाच्या जागी तिमाही रिटर्नसाठी मासिक भरणा हा पर्याय निवडला आणि महिना दिला की ३५ टक्क्यांचं चलन पोर्टल तयारच करून देतं. मी सहसा हीच वाट धरते, कारण ही रक्कम वेळेत भरली तर त्या दोन महिन्यांत खरा कर जास्त निघाला तरी त्यावर व्याज नाही. फरक तिमाहीच्या रिटर्नमध्ये चुकता करायचा. स्वतः हिशेब करून कमी भरलं तर मात्र व्याज लागतं. ज्या महिन्यात काम खूपच कमी होतं, त्या महिन्यात मी खऱ्या हिशेबाची वाट घेते. आणि लेजरमध्ये आधीच पुरेशी रक्कम असेल किंवा त्या महिन्याचं देणंच नसेल, तर चलन काढायची गरज नाही. हे न समजल्यामुळं उगीच पैसे अडकवून बसलेले लोक आहेत.

पैसे अडकणं ही आमच्यासारख्यांची खरी दुखरी नस. बिल फाडलं की कर लागू. गिऱ्हाईक पैसे कधी देईल याच्याशी त्याचा संबंध नाही. मोठ्या कंपनीकडून पेमेंट येईतो साठ, नव्वद दिवस जातात, तोवर त्या बिलावरचा कर आम्ही आमच्या खिशातून सरकारला देऊन मोकळे झालेलो असतो. मामा म्हणतात, “आपण सरकारला उधारी ठेवत न्हाई आणि गिऱ्हाईक आपल्याला रोख देत न्हाई.” वर त्याच कंपनीच्या खरेदी विभागाचा फोन येतो की तुमचं बिल आमच्या टू-बी मध्ये, म्हणजे खरेदीवरच्या क्रेडिटच्या यादीत, दिसत नाही, दिसल्याशिवाय पेमेंट सोडणार नाही. म्हणून तिमाही रिटर्न असूनही पहिल्या दोन महिन्यांची बिलं मी आयएफएफमध्ये, म्हणजे तिमाहीच्या आधीच बिलं कळवायच्या पोर्टलवरच्या सोयीत, १३ तारखेच्या आत चढवते. त्यांचंही मी समजू शकते. आपण ३बी भरलंच नाही तर त्यांनी घेतलेलं क्रेडिट त्यांना उलटवावं लागतं.

आता प्रत्यक्ष भरण्याचं. चलन तयार होतं ते फक्त पोर्टलवर, ऑनलाइन भरा नाहीतर बँकेत जाऊन. व्हॅटच्या काळात मामा कार्बन घालून हातानं चलन भरायचे. तो प्रकार इथं नाही. रकमा भरल्या, भरण्याचा मार्ग निवडला, की चलनाला १४ आकडी नंबर मिळतो, सीपीआयएन. तो १५ दिवस चालतो, नंतर चलन बाद. एकदा नंबर पडला की त्यातली रक्कम किंवा मार्ग बदलता येत नाही. बदलायचं असेल तर नवं चलन काढायचं आणि जुनं तसंच मरू द्यायचं, त्याचा काही दंड नाही.

आमचं मुख्य खातं सहकारी बँकेत आहे. कोल्हापुरात हे सांगायला नको, निम्म्या गावाचा व्यवहार सहकारी बँकांतून चालतो. कर्ज तिथलं, सीसी म्हणजे कॅश क्रेडिट तिथलं, ओळखी तिथल्या. पण पोर्टलवर नेटबँकिंगसाठी जी बँकांची यादी येते, तिच्यात आमच्या बँकेचं नाव नव्हतं. काका म्हणाले, “यादीत नसली तरी अडत नाही. एनईएफटी-आरटीजीएस निवडा.” तो मार्ग कुठल्याही बँकेतून चालतो.

तो निवडला की चलनासोबत मॅन्डेट फॉर्म निघतो. त्याची प्रिंट आणि चेक घेऊन मी बँकेत गेले. काउंटरवरच्या पोरानं फॉर्म उलटसुलट बघितला आणि म्हणाला, “वहिनी, पार्टीचा खाते नंबर कुठाय?” मी बोट ठेवून दाखवलं. लाभार्थी जीएसटी, बँक रिझर्व्ह बँक, आणि खाते नंबराच्या जागी आपला तो १४ आकडी सीपीआयएन. प्रत्येक चलनाला खाते नंबर वेगळा, म्हणून मागच्या महिन्यातला लाभार्थी सिस्टिममधून उचलून पैसे पाठवता येत नाहीत. आयएफएससी कोड आरबीआयएस, मग शून्य, मग जीएसटीपीएमटी. तो पाचवा अक्षर वाटतो तो आकडा आहे, ‘ओ’ नाही. मी काउंटरवर उभी राहून त्याला एकेक अक्षर वाचून दाखवलं आणि त्यानं टाईप केलेलं स्क्रीनवर परत वाचून घेतलं. रक्कमही चलनातल्या आकड्याशी रुपयानं जुळली पाहिजे. एनईएफटीचा चार्ज कर्मचाऱ्यानं त्यातूनच वजा करून पाठवला तर रक्कम जुळत नाही आणि पैसे परत येतात. चार्ज वेगळा कापायला सांगायचा. शेवटी यूटीआर, म्हणजे पैसे पाठवल्याचा बँकेचा व्यवहार नंबर, लिहून घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही. लेजरमध्ये रक्कम वेळेत दिसली नाही तर तोच नंबर चलनाशी जोडायचा असतो.

आणि तारखेचं. चेक २५ ला दिला म्हणजे २५ ला भरला असं होत नाही. सरकारच्या खात्यात रक्कम जमा होईल तो दिवस धरला जातो. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस त्याच्या पुढच्या डिसेंबरपासून चोवीस तास चालतं, हे खरं. पण चेक देऊन काउंटरवरून पैसे पाठवणाऱ्याला शाखेची वेळ चुकत नाही. दुसरा-चौथा शनिवार बंद, रविवार बंद, आणि डिसेंबरात २५ तारीख म्हणजे नाताळच. मी २० ते २२ च्या दरम्यान उरकून टाकते. २०२१ च्या जुलैत महापूर आला तेव्हा शाहूपुरी-लक्ष्मीपुरीत पाणी होतं आणि तिमाही रिटर्नची २२ तारीख नेमकी त्याच दिवसांत. काकांनी आमचं आधीच उरकलेलं होतं, म्हणून आम्हाला त्याची झळ लागली नाही. शेवटच्या दिवसासाठी थांबायचं नाही, हे मी तेव्हापासून धरून आहे.

पुढं सोयीसाठी आम्ही दुसऱ्या एका बँकेत चालू खातं काढलं, जिचं नाव पोर्टलच्या यादीत आहे, आणि घरबसल्या भरू लागलो. ई-पेमेंट निवडायचं, मग नेटबँकिंग, किंवा आता डेबिट-क्रेडिट कार्ड आणि यूपीआयही आहे. मी नेटबँकिंगच वापरते. रक्कम मोठी असते, आणि कार्डानं भरायचं तर वरचा चार्ज आपल्याला सोसावा लागतो. पोर्टलवरून बँकेच्या पानावर जायचं, पासवर्ड, ओटीपी, आणि परत पोर्टलवर आलं की पावती. सगळं नीट झालं तर पाच-दहा मिनिटांचं काम. कॅश लेजरमध्ये रक्कम लगेच दिसते.

एकदा मात्र सगळं नीट झालं नाही. ओटीपी टाकला, मोबाईलवर पैसे कापल्याचा मेसेज आला आणि बँकेचं पान गोल फिरत राहिलं ते राहिलंच. पोर्टलवर चलनाची स्थिती ‘इनिशिएटेड’. पैसे आमच्या खात्यात नाहीत आणि कॅश लेजरमध्येही नाहीत. ह्यांचं म्हणणं होतं की दुसरं चलन काढून भरून टाकू, नंतर बघू. मी अडवलं. तारीख अजून पुढं होती, आणि दोनदा गेलेले पैसे जास्तीचे म्हणून लेजरमध्ये पडून राहिले असते किंवा परताव्याचा अर्ज करत बसावं लागलं असतं. त्या आठवड्यात पगार होते.

शाखेत गेले तर अधिकाऱ्यांनी सांगितलं, आमच्याकडून पैसे गेलेत, अडचण पोर्टलची आहे. हेल्पडेस्कला फोन लावला तर ते म्हणाले, बँकेकडून निरोप आलेला नाही. मला त्या दिवशी खरोखर राग आला. दोन्हीकडची माणसं नम्रपणे बोलत होती, पण दोघांच्या मध्ये आमचे हजारो रुपये लटकलेले होते आणि ते कुणाच्या टेबलावर आहेत हे सांगायला कुणी तयार नव्हतं. छोट्या उद्योजकाच्या बाबतीत हे असंच होतं. मोठ्या कंपनीचा फोन गेला की शाखेचा व्यवस्थापक उठून बघतो.

पण यासाठी नियमात सोय आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. खात्यातून पैसे गेले आणि चलनाची पावती झाली नाही, तर पोर्टलवर पीएमटी-०७ भरायचा. पेमेंटच्या भागात तक्रारीचा पर्याय आहे. आधी एक दिवस थांबायला सांगतात, कारण बऱ्याचदा तेवढ्यात बँकेचा निरोप पोहोचतो. आमचा पोहोचला नाही. मग मी बँक स्टेटमेंट समोर ठेवून सीपीआयएन, रक्कम, तारीख आणि बँकेचा संदर्भ क्रमांक भरला. हा शेवटचा क्रमांक शाखेतून मुद्दाम लिहून आणला होता, त्याच्याशिवाय तक्रारीला वजन येत नाही. सबमिट केल्यावर तक्रारीचा नंबर मिळाला. तो मी बँकेच्या अधिकाऱ्यांनाही ईमेलनं पाठवला, तोंडी सांगण्यावर सोडलं नाही. २५ तारखेच्या आत स्थिती ‘पेड’ झाली आणि पैसे जमा झाल्याची खूण असलेला १७ आकडी सीआयएन आला. पहिले १४ आकडे आपल्याच सीपीआयएनचे, पुढची तीन अक्षरं बँकेच्या खुणेची. जमा तारीख पैसे गेले त्याच दिवसाची होती. ह्यांनी तेव्हापासून माझ्या चलनात बोट घातलेलं नाही.

लॉगिनबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. पोर्टलवर नोंदलेला मोबाईल आणि ईमेल धंद्याच्या मालकाचाच असावा. खूप ठिकाणी तो सल्लागाराचा किंवा त्याच्या ऑफिसातल्या पोराचा असतो, नोंदणी करताना सोयीसाठी टाकलेला. सगळं सुरळीत असतं तोवर कळत नाही. आमच्या ओळीतल्या एकाचा सल्लागार गाव सोडून गेला, नंबर बंद झाला, आणि याला स्वतःच्याच लेजरमध्ये किती पैसे आहेत ते बघता येईना, कारण ओटीपी जाणार त्या बंद नंबरवर. शेवटी कागदपत्रं घेऊन जीएसटी अधिकाऱ्यांकडं जाऊन नंबर बदलून घ्यावा लागला. लॉगिन चालू असेल तर हाच बदल नोंदणीतल्या दुरुस्तीतून घरबसल्या होतो. ज्यांचं असं आहे त्यांनी याच आठवड्यात करून घ्यावं. सल्लागारावर अविश्वास म्हणून हे म्हणत नाही. आमचे काका स्वतःच सगळ्यांना हे सांगायचे.

राहिला रोखीनं काउंटरवर भरण्याचा मार्ग. आम्हाला त्याची वेळ आली नव्हती, पण सुभाषनगरातल्या आप्पांमुळं तोही बघितला. आप्पा मामांचे जुने स्नेही, कोल्हापुरी चप्पल बनवतात आणि विकतात. त्यांनी कंपोझिशन, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीची सोपी जीएसटी योजना, घेतलंय. त्यात गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घ्यायचा नाही, खरेदीचं क्रेडिट नाही, परराज्यात विक्री नाही, आणि तिमाहीच्या उलाढालीवर १ टक्का आपल्या पदरचा भरायचा. हिशेब सीएमपी-०८ मध्ये, तिमाही संपल्यावर १८ तारखेपर्यंत. त्यांची त्या तिमाहीची विक्री ९,४०,००० होती, म्हणजे कर ९,४००, निम्मा केंद्राचा आणि निम्मा राज्याचा.

नेटबँकिंग आप्पांना नको होतं. “हातात पावती आली की माझ्या जिवाला बरं वाटतं,” असं त्यांचं म्हणणं, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. काउंटरवर रोख, चेक किंवा डीडीनं एका कर कालावधीसाठी एका चलनात १०,००० पर्यंत भरता येतात, त्यात त्यांची रक्कम बसत होती. चलन काढताना ओव्हर द काउंटर हा मार्ग निवडला, मग बँक निवडली. इथं बँक जपून निवडावी, कारण जी निवडली तिच्याच शाखेत पैसे घेतात. चेकनं भरलं तर तो वटल्यावरच रक्कम जमा धरतात, म्हणून तारीख जवळ असेल तर रोखच बरी. ती बँक महाद्वार रोडला त्यांच्या नेहमीच्या वाटेवरची होती. चलनाची प्रिंट आणि रोख घेऊन आम्ही दोघं गेलो. कॅशियरनं सीपीआयएन टाकला, स्क्रीनवर आप्पांच्या दुकानाचं नाव आलं ते त्यांना वाचून दाखवलं, पैसे मोजले आणि शिक्का मारून प्रत परत दिली. आप्पांनी शिक्क्यावरची तारीख चष्मा लावून तपासली.

तिथून आम्ही परत ऑफिसात आलो, कारण सीएमपी-०८ दाखल करायचा बाकी होता. कॅश लेजरमध्ये दोन्ही खान्यांत ४,७०० दिसत होते. ते वळते केले, ओटीपी आप्पांच्या स्वतःच्या मोबाईलवर आला, त्यांनीच तो मला वाचून दाखवला.

दिवाळी आणि नाताळच्या सुट्ट्यांत महालक्ष्मीच्या दर्शनाला येणारी गर्दी चपला घेतल्याशिवाय परत जात नाही. त्यामुळं आप्पांचा ऑक्टोबर ते डिसेंबरचा कर १०,००० च्या वर जाणार हे आत्ताच दिसतंय, आणि तेव्हा काउंटर चालणार नाही. त्यांचं खातं आमच्याच सहकारी बँकेत आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मॅन्डेट फॉर्म काढून एनईएफटीनं भरायचं आम्ही ठरवलंय, आणि काउंटरवरच्या त्या पोराला आता सीपीआयएन कुठं टाकायचा ते विचारावं लागत नाही.